पश्चिमेची काच आणि नागपूरचा मे महिना

प्रश्न : कळमेश्वर तालुक्यात आमची पाऊण एकर अकृषिक जमीन आहे. पश्चिमेला लहानशी टेकडी आणि पूर्वेच्या हद्दीलगत पावसाळी नाला आहे. वरचा भाग मुरमाड असून नाल्याकडचा भाग काळ्या मातीचा आहे. जागेवर एक जुने मोहाचे झाड, एक कडुनिंब आणि काही पळस आहेत. यजमान पुढच्या वर्षी निवृत्त झाले की आम्ही दोघे आणि सासूबाई तेथे कायमचे राहायला जाणार आहोत. आधुनिक, साधे आणि भोवतालच्या निसर्गात मिसळून जाणारे घर हवे, असे आम्ही आर्किटेक्टना सांगितले. त्यांनी २,८०० चौरस फुटांचे दुमजली, पांढरेशुभ्र, सपाट छपराचे आणि छज्जे नसलेले घर सुचवले आहे. सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. सपाट जागा मिळावी म्हणून घर नाल्याकडच्या बाजूला घेतले असून त्यासाठी मोह तोडावा लागेल. यजमानांना आराखडा फार आवडला आहे. मला मात्र काहीतरी खटकते आणि ते नेमके सांगता येत नाही. सासूबाईंना अंगण आणि तुळस हवी आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत पाठवलेले नकाशे मी शांतपणे पाहिले. खोल्यांची मांडणी सुटसुटीत आहे, येण्याजाण्याच्या वाटा थोड्या आहेत आणि दिखाऊपणाचा हव्यास कोठेही दिसत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. तुम्हाला जे खटकते ते घराच्या साधेपणात नसून, हे घर कोणत्या उन्हात उभे राहणार आहे याचा विचार त्या साधेपणाने केलेला नाही, यात आहे. निसर्गात मिसळणे म्हणजे झाडांच्या मधोमध एक नेटकी पेटी ठेवणे, असा समज अलीकडे छायाचित्रांमुळे रुजला आहे. नागपूरच्या परिसरात मात्र निसर्ग म्हणजे आधी ऊन, मग माती आणि पाणी, आणि त्यानंतर झाडे. या चारही गोष्टींना जे घर नीट उत्तर देते, त्याला वेगळे सजवावे लागत नाही.

पश्चिमेच्या काचेपासूनच सुरुवात करतो, कारण यजमानांचा जीव तिच्यात अडकलेला दिसतो. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते, आणि ४५ अंशांची दुपार तर आपल्याकडे कोणाला बातमीही वाटत नाही. साध्या, पारदर्शक एकेरी काचेतून तिच्यावर पडणाऱ्या सूर्याच्या उष्णतेपैकी सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. दुपारी तीननंतर सूर्य पश्चिमेला उतरू लागला की त्याचे किरण इतके तिरपे येतात की छज्जा कितीही पुढे काढला तरी ती काच पूर्ण सावलीत येत नाही. म्हणजे ज्या सूर्यास्तासाठी ही काच लावायची, तो पाहण्याच्या वेळेपर्यंत दिवाणखान्यात बसणे अशक्य होईल, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यावर जाड पडदे चढतील. ते पडदे पुढे मार्चपासून जूनपर्यंत उघडणार नाहीत. काचेऐवजी नऊ इंची विटांची भिंत घेतली तरी ती पश्चिमेला उघडी असेल, तर दुपारी शोषलेली उष्णता सात-आठ तासांनी, म्हणजे नेमकी झोपेच्या वेळी, आत सोडते. म्हणून आपल्याकडे पश्चिमेला झोपण्याची खोली न ठेवता जिना, न्हाणीघर, कोठीघर अशा जागा ठेवाव्यात. उष्णतेचा मार त्या झेलतात.

सूर्यास्त सोडून द्या, असे माझे म्हणणे नाही. तो आतून पाहण्याऐवजी बाहेरून पाहा. घराच्या पश्चिम टोकाला, भिंतीच्या आडोशाने, दगडी बैठकीचा एक मोठा ओटा काढा. उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर आणि हिवाळ्यात तिसऱ्या प्रहरापासून तेथे बसता येईल, आणि टेकडी काचेआडून दिसते त्यापेक्षा अधिक जवळची वाटेल. आतून टेकडीचा तुकडा दिसावा असेच वाटत असेल, तर भिंतीत खोल बसवलेली, दीड-दोन फूट रुंदीची एक उभी खिडकी पुरे, आणि तिला बाहेरून लाकडी झडप हवीच. मोठ्या काचांवर आदळून पक्षी मरतात, हाही भाग आहे. टेकडीलगतच्या जागेवर तो विसरण्यासारखा नाही.

आता छज्ज्याविषयी. छज्जा काढून टाकला की इमारत रेखीव दिसते, हे खरे आहे. पण नागपूरच्या अक्षांशावर, सुमारे २१ अंश उत्तरेला, छज्ज्याइतकी स्वस्त आणि हुशार वस्तू दुसरी नाही. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर मार्चच्या विषुवदिनी दुपारी बारा वाजता त्याची सावली पाच फुटांपेक्षा खाली उतरते, म्हणजे खिडकीची जवळजवळ सगळी काच झाकली जाते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला ४५ अंशांपर्यंत खाली येतो आणि त्याच छज्ज्याची सावली जेमतेम दोन फूट पडते, त्यामुळे हवेहवेसे ऊन सरळ आत येते. यासाठी ना बटण लागते, ना वीज. उत्तरेकडून ऊन येतच नाही असे जे सर्रास सांगितले जाते, तेही आपल्याकडे पूर्ण खरे नाही. मेच्या अखेरच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि जूनमध्ये तो पश्चिम दिशेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या मोठ्या खिडक्यांनाही पश्चिम अंगाला एखादी उभी आडभिंत लागते. एवढे सांभाळले, तर उत्तरेची काच तुम्ही मनसोक्त मोठी करू शकता; घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून मुख्य खोल्या उत्तर-दक्षिण उघडाव्यात, असे मी सुचवीन.

छपराकडे तर नकाशात कोणी पाहिलेलेच दिसत नाही. मे महिन्यात कोणत्याही भिंतीपेक्षा छपरावर अधिक ऊन पडते, आणि उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ते पीत राहून रात्री खाली सोडतो. वरच्या मजल्यावर राहणारी बरीच नागपूरकर मंडळी दर उन्हाळ्यात गच्चीवर हिरव्या जाळ्या का बांधतात, याचे कारण हेच आहे. सपाट छप्पर ठेवायचे असेल तर त्यावर उष्णतारोधक थर, व्यवस्थित उतार दिलेला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि सगळ्यात वर पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे चिनीमातीच्या फरश्यांच्या तुकड्यांचा, थर घ्या. माझी पसंती विचाराल, तर राहत्या भागावर असे सपाट छप्पर आणि त्याच्या दक्षिण-उत्तर कडांना उतरत्या छपराच्या रुंद पडव्या, ही जोडी या जागेला शोभेल. पडवीवर कवेलू, म्हणजे कौले, घालण्याचा मोह होईल. परंतु टेकडीजवळ वानरांचे टोळके असणारच, आणि त्यांच्या उड्यांपुढे देशी कवेलूचे एक छप्पर एक हंगाम टिकत नाही. पडवीला पत्रा घेऊन त्याखाली बांबूच्या चटईचे अस्तर द्या, किंवा फिलर स्लॅबमध्ये, म्हणजे काँक्रीटचा काही भाग वाचवून तेथे कवेलू भरलेल्या स्लॅबमध्ये, ते आतल्या बाजूने दिसतील असे बसवा.

पडवी आठ फुटांपेक्षा अरुंद करू नका. सहा फुटांची पडवी केवळ जाण्यायेण्याची वाट होते. आठ-नऊ फूट मिळाले की तेथे खाट मावते, पाहुणा टेकतो, तूर निवडायला बसता येते आणि पावसाळ्यात कपडे वाळतात. सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले पाहिले असतील. उंच जोते, खोल व्हरांडे, उंच छत आणि वरच्या झरोक्यांतून निघून जाणारी गरम हवा, एवढ्या भांडवलावर त्यांनी पंख्यांच्या आधीचे उन्हाळे काढले. अधिक साध्या घराचा धडा घ्यायचा असेल, तर सेवाग्राम आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहायला गेले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती आधी त्यांच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेली होती. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूंचे खाली झुकलेले छप्पर आणि भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे. यजमानांना घेऊन मे महिन्यात भर दुपारी तेथे जा आणि काही वेळ नुसते बसा. मातीचे घर बांधा, असा माझा आग्रह नाही. पण कमीत कमी वस्तूंचे घर विदर्भात कसे असते याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

यानंतर कूलर. तुमच्या नकाशात त्याला जागाच नाही, आणि नागपुरातल्या घरासाठी ही फार मोठी उणीव आहे. बांधताना ज्याचा विचार केला नाही तो कूलर शेवटी लोखंडी स्टँडवर, खिडकीचे तावदान काढून, पुठ्ठे आणि फळ्या ठोकून बसतो, आणि लाखो रुपये खर्चून आणलेला साधेपणा एका एप्रिलमध्ये संपतो. म्हणून उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीत, सावलीत, कूलरसाठी हवेशीर कोनाडा ठेवा. तेथे नळ, सांडपाण्याची वाट आणि विजेचा पॉइंट आधीच घ्या, आणि बाहेरून त्याला जाळीचे दार लावा. कूलरची ओली हवा जितकी आत येते तितकीच बाहेर गेली पाहिजे, म्हणून समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोके हवेत. ते नसले की खोली गार होण्याऐवजी दमट होते. मोठा कूलर लूच्या दिवसांत दिवसाला शंभर-दोनशे लिटर पाणी सहज संपवतो, हेही पाण्याच्या हिशेबात धरा. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. त्या दिवसांसाठी आरपार वारा लागतो, आणि तुमच्या झोपण्याच्या दोन्ही खोल्यांना एकाच बाजूला खिडक्या आहेत. निदान एका खोलीसाठी एसीची नळी भिंतीतून आत्ताच न्या. एसी लावणे पाप नव्हे. तो पश्चिमेच्या काचेशी झुंजण्यासाठी लावणे मात्र उधळपट्टी आहे.

घराची जागा बदला, हे मी सर्वांत ठासून सांगेन. नाल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडेपर्यंत आक्रसते. या वर्षानुवर्षांच्या ओढाताणीत हलका पाया वर-खाली होतो आणि भिंतींना तिरप्या चिरा जातात. तेथे बांधायचेच ठरले, तर पाया काळ्या मातीचा थर ओलांडून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो, किंवा तळाशी फुगीर खांब घ्यावे लागतात, आणि जोत्यात भरही बाहेरून आणलेल्या मुरमाचीच घालावी लागते. म्हणजे सपाट जागेच्या सोयीतून वाचलेला पैसा जमिनीखाली जातो. शिवाय पावसाळी नाला वर्षातले अकरा महिने निरुपद्रवी दिसत असला तरी नागपूरचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो, आणि एखाद्या रात्री तो नाला आपली जुनी रुंदी परत मागतो. वरच्या मुरमाड भागावर काही उगवत नाही म्हणून तो टाकाऊ वाटतो. घरासाठी तोच उत्तम आहे. उतार सपाट करू नका. घर उताराबरोबर, दोन पातळ्यांवर घ्या, मध्ये एकूण दीड-दोन फूट चढणाऱ्या पायऱ्या येतील. सासूबाईंची खोली, स्वयंपाकघर आणि मुख्य पडवी एकाच पातळीवर ठेवली की त्यांची अडचण होणार नाही. काळी माती झाडांना आणि भाजीपाल्याला राहू द्या.

असे केले की मोह आपोआप वाचतो. तो तोडणे तसेही सोपे नव्हते, कारण महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतल्या झाडांत मोह आहे आणि त्यासाठी रीतसर परवानगी लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी एवढे मोठे झाड तुमच्या आयुष्यात पुन्हा होणार नाही. घर त्याच्यापासून किमान त्याच्या उंचीइतके दूर ठेवा, विशेषतः काळ्या मातीच्या बाजूला, कारण मुळे माती शोषून कोरडी करतात आणि पाया एका अंगाने खचतो.

झाडांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशी पुस्तकांतून आलेला सल्ला असा की पानगळीची झाडे घराजवळ लावावीत, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळते. आपल्या रानाचे वेळापत्रक याच्या उलट आहे. साग आणि पळस नेमके फेब्रुवारी-मार्चपासून उघडे पडतात. सागाला तर पावसाची चाहूल लागेपर्यंत पाने येत नाहीत. पळस फुलला की जागा पेटल्यासारखी दिसते, आणि तो तेथे आहे हे तुमचे भाग्यच. पण भिंतीवर सावली धरण्याचे काम त्याला देऊ नका. ते काम करंजाला, कडुनिंबाला आणि चिंचेला द्या. करंज एप्रिलअखेर नव्या पानांनी दाट होतो. घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून पुरेशा अंतरावर, यांची दुहेरी रांग या पावसाळ्यातच लावा. बांधकाम वर्षभराने सुरू झाले तरी झाडांचे ते वर्ष वाया जात नाही.

रंग आणि साहित्य ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्या. फोनवरची घरे ज्या गर्द हिरवाईत उभी असतात ती केरळातली किंवा बालीतली असते. तुमची जागा चार महिने हिरवी आणि उरलेले आठ महिने गवती पिवळी, मातकट, राखाडी असते. त्या आठ महिन्यांत पांढरेशुभ्र घर डोळ्यांत खुपते, आणि पहिल्याच पावसात उडालेल्या चिखलाने त्याचा खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा कायमचा डागाळतो. तेवढा भाग काळ्या दगडात घ्या. कळमेश्वरकडचा खडक बेसॉल्टच आहे, तेव्हा दगड लांबून आणावा लागणार नाही. वरच्या भिंतींसाठी कोराडी-खापरखेड्याच्या राखेपासून बनणाऱ्या फ्लाय ॲशच्या विटा मिळतात, त्यांवर मातकट रंग मिसळलेला चुन्याचा गिलावा करा. उघडे काँक्रीट मोजकेच ठेवा; छज्जा नसलेल्या उघड्या काँक्रीटवर आपल्या पावसात शेवाळाचे काळे ओघळ येतात, आणि ते छायाचित्रांत कोणी दाखवत नाही. दारे-खिडक्यांना बल्लारपूरचा साग परवडत असेल तर थोडक्या जागी तोच वापरा. उधईचा बंदोबस्त मात्र पाया भरतानाच करा.

आणि २,८०० चौरस फूट कशासाठी? तिघांसाठी बंद खोल्यांचे १,४०० चौरस फूट आणि भोवती ६०० चौरस फुटांची पडवी पुरेशी होईल. एकमजली घर पळसाच्या शेंड्यांखाली राहते. दुमजली घर टेकडीशी उंचीची स्पर्धा करते. वाचलेल्या पैशातून चांगले छप्पर, चांगल्या झडपा आणि एक मोठे कोठीघर बांधा. कोठीघर मी मुद्दाम म्हणतो. वर्षाचे गहू आणि तूर, उन्हाळ्यात रजया आणि हिवाळ्यात कूलर, पापड-कुरडयांचे डबे, पाहुण्यांच्या गाद्या हे सगळे कुठेतरी राहणारच आहे, आणि त्याला दार लावलेली जागा असेल तरच दिवाणखाना रिकामा राहील. गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी, सौर बंब आणि डिश यांची जागाही नकाशातच ठरवा. रस्त्यावरून दिसणार नाही इतका उंच कठडा एका कोपऱ्यात पुरतो.

सासूबाईंची मागणी मला या पत्रातली सर्वांत आधुनिक मागणी वाटली. वीस बाय वीस फुटांचे, फरसबंद न केलेले अंगण घराच्या पूर्वेला घ्या. दुपारनंतर घराचीच सावली त्याच्यावर पडेल आणि उन्हाळ्यात रात्री खाटा टाकण्याची सोय होईल. तुळशीला सकाळचे ऊन मिळेल. अंगणाभोवती गट्टू (सिमेंटचे फरसबंदीचे ठोकळे) आणि लॉन घालू नका. मे महिन्यात लॉन जगवण्याइतके पाणी त्या भागात कोणाकडे असते? रानगवत राहू द्या, पण दिवाळीनंतर घराभोवतीचे तीस-चाळीस फूट गवत कापून टाका, नाहीतर वणव्याची भीती.

हजार-बाराशे चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला साधारण एक लाख लिटर पाणी वाहते; पन्हळ नीट लावून ते जमिनीखालच्या टाकीत घ्या आणि कूलरला तेच वापरा. काळ्या मातीत शोषखड्डा काम करत नाही, पाणी तुंबते. सांडपाण्यासाठी नागपूरच्याच नीरी संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत, म्हणजे कर्दळीसारख्या झाडांच्या वाफ्यातून पाणी शुद्ध करण्याची पद्धत, या जागेला योग्य आहे, आणि ते पाणी करंजाच्या रांगेला पुरेल. बाहेरचे दिवे थोडे, मंद आणि खाली तोंड केलेले असावेत. झगझगीत दिव्यांवर किडे, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप येतो.

आर्किटेक्ट बदलण्याची गरज मला दिसत नाही. ज्यांनी एवढी स्वच्छ मांडणी केली ते हेही करू शकतील; त्यांना दिलेली सूचना अपुरी होती. त्यांच्याकडे जाताना तीन गोष्टी घेऊन जा : झाडांचे बुंधे आणि पातळ्या दाखवणारा जमिनीचा मोजणी नकाशा, वर-खाली दोन ठिकाणी खड्डे खणून घेतलेला मातीचा अहवाल, आणि मेमध्ये दुपारी चार वाजता त्या जागेवर त्यांच्यासोबत उभे राहण्याची वेळ. यजमानांनाही बरोबर न्या. काचेचा प्रश्न तेथे पाच मिनिटांत सुटेल. त्यानंतर नवा नकाशा नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे मंजुरीला टाकण्याआधी नाल्यापासून किती अंतर सोडावे लागते ते लेखी विचारून घ्या, कारण त्या एका आकड्यावर वरच्या भागातली घराची जागा नेमकी ठरेल.